बर्फाच्या लाद्यांचं अंतर

किसनआप्पांना अंतर विचारलं की ते किलोमीटर सांगत नसत, बर्फ सांगत. आमच्या दूध सोसायटीचे कॅन टेम्पोत घालून बीडच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचे, हे त्यांचं काम. चार तासांत पोचलं तर दूध टिकतं. पुढं दर तीन तासांना एक लादी. "बीड बिनबर्फाचं. पुणं एक लादी. मम्बई दोन." अख्खी पृथ्वी त्यांनी अशी बर्फावर ठेवली होती.

त्या वर्षीचा दुष्काळ असा, की म्हशी धार देण्याआधी माफी मागत. रिकाम्या कॅनात माशी शिंकली तर नेकनूरच्या बाजारातली माणसं दचकत. खोटं वाटत असेल तर त्या म्हशींना विचारा. अशात आप्पांची एकुलती, आईविना वाढवलेली सुजाता नर्स म्हणून लंडनला निघाली.

"गुरुजी, मम्बईच्या इमानतळापून लंडनच्या इमानतळापत्तोर किती लाद्या?"

मी गणिताचा मास्तर. तिकीट पाहिलं : सकाळी सातला उड्डाण, अकराला लंडन. वजाबाकी करून छाती फुगवली. "चार तास. बिनबर्फाचं, आप्पा!"

"आन् अंतर?"

"सात हजार दोनशे किलोमीटर."

आप्पांनी बोटांवर हिशेब केला. "माज्या बीडच्या पाच म्हैन्याच्या खेपा. चार घंट्यात? गुरुजी, एवढ्या हिसक्यानं कॅनात लोणी यील की हो!"

मी हसलो. हसायला नको होतं.

उड्डाणाच्या दिवशी अकराला आप्पांनी टेम्पो शाळेसमोर लावला आणि ते माझ्या वर्गात येऊन बसले. फोन हातात. साडेअकरा झाले. बारा झाले. "कावून वाजंना, गुरुजी?" त्यांचा चेहरा ताकासारखा पांढरा. मी भूगोलाचं पुस्तक काढलं, पृथ्वीचा गोल फिरवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा भर वर्गात कान पकडले.

"आप्पा, चुकलो. अकरा हे तिथल्या घड्याळात. ते आपल्या साडेपाच तास मागं. तिथं सूर्य उशिरा पोचतो."

"सूर्याला उशीर, आन् झीज माज्या जिवाची?" आप्पांनी गोलावर बोटानं तास मोजले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी साडेनऊ घंटे. दोन लाद्यांचं. पोरगी बिनबर्फाची धाडली की हो मी."

संध्याकाळी पाचला, दूध मापायच्या वेळी, फोन वाजला. "आप्पा, पोचले."

आप्पांचा पहिला प्रश्न, "लई हिसके न्हाई ना बसले?" मग मापाच्या टेबलाजवळ जो दिसेल त्याला ते 'पोचली' म्हणून सांगत सुटले. त्या दिवशी कुणाच्या दुधात किती पाणी होतं, हे कुणी पाहिलंच नाही. सबंध गावाला पुण्य लागलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत दोन घड्याळं आली. "एक म्हशींचं, एक सुजाताचं," आप्पा सांगत. पार उमापूरची माणसं बघायला येत, हे मात्र खरं.

पुढं एका कोरड्या उन्हाळ्यात आप्पा गेले. मी येईपर्यंत थांबा, असं कळवून सुजाता लंडनहून निघाली. सोसायटीची माणसं माझ्याकडं आली. "गुरुजी, किती?"

मी दोन्ही घड्याळं समोर ठेवली. विमान, पुढं मुंबईहून रस्ता, मधली खोळंबणी. तीनदा ताळा केला. "सात लाद्या."

शीतकरण केंद्रावरून आप्पांच्याच टेम्पोतून बर्फ आला. सुजाता दारात आली तेव्हा सातव्या लादीचा तळहाताएवढा तुकडा उरला होता. तिनं आप्पांच्या गार कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली,

"आप्पा, पोचले."