व्याह्यांचे बारा शब्द

जगात असा एकही विषय नाही ज्यावर आमच्या व्याह्यांना मत नाही, आणि त्यांचं असं एकही मत नाही जे बिटकॉइनपासून सुरू होत नाही. भोपळ्याला यंदा कीड का लागली इथपासून ते देव एक की अनेक इथपर्यंत काहीही विचारा, व्याही डोळे किंचित बारीक करतात, खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घालतात आणि म्हणतात, "पाहा इवाई, बिटकॉइनमंधी कसं असते..." इवाई म्हणजे त्यांच्या बोलीत व्याही, म्हणजे मी. तिथून पुढे ते कुठे जातील याचा नेम नाही. एकदा या वाक्यापासून निघून त्यांनी मला तासाभरात उत्तर ध्रुवावरच्या अस्वलांपर्यंत नेऊन सोडलं होतं. मी मुळात फक्त प्यायला पाणी मागितलं होतं.

व्याह्यांची सौंदडला, स्टेशनापासून जवळच, राईस मिल आहे. माझी धाकटी मुलगी त्यांच्या घरी दिली आहे. मी गोंदियाजवळ फुलचूरला राहतो आणि सिंचन खात्यातून निवृत्त झालो आहे. मुलीच्या बापाचं एक असतं, व्याही काहीही बोलले तरी मान डोलवायची. साखरपुड्याच्या दिवशी आता हे काय मागतात म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो, तर त्यांनी मला हाताला धरून मांडवाबाहेर नेलं आणि गंभीरपणे विचारलं, "इवाई, सगळ्या दुनियेतले सरकारं नोटा छापून राहिले त छापूनच राहिले. तुमचं काय मत हाये यावर?" मी मान डोलावली. आमच्या घराण्यात अर्थशास्त्राचा वारा कुणाला लागलेला नाही; मला तर विजेच्या बिलातला 'स्थिर आकार' म्हणजे काय तेही अजून कळलेलं नाही. पण व्याह्यांनी ती जाणकाराची मान समजली. लग्न लागेपर्यंत मी आणखी सात-आठ विषयांवर मान डोलावली होती, आणि वरात परतली तेव्हा मी त्यांच्या रविवारच्या मंडळाचा सभासद झालो होतो.

हे मंडळ मिलच्या ऑफिसात भरतं. सभासद चार. एक खुद्द व्याही. दुसरे गुरुजी, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, ज्यांनी व्याह्यांनाही लहानपणी शिकवलं असं व्याही सांगतात आणि गुरुजी नाकारतात. तिसरा स्टेशनच्या रस्त्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला, जो व्याह्यांना काकाजी म्हणतो आणि ज्याच्याकडे जगातल्या सगळ्या बातम्या दुरुस्तीला आलेल्या फोनसारख्या उघड्या पडलेल्या असतात. चौथा मी. बाहेरच्या माणसाला वाटेल की हे लोक भाव चढला, भाव पडला असं काही बोलत असतील. छे! मी सभासद झाल्यापासून भावाचं नाव निघालेलं मला आठवत नाही. नाण्यावरून गोष्ट संगणकावर जाते, संगणकावरून विजेवर, विजेवरून कोळशावर, आणि चहा येईपर्यंत आम्ही पृथ्वीच्या भवितव्यापाशी पोहोचलेलो असतो.

पृथ्वीच्या भवितव्याच्या बाबतीत मंडळाने मला तज्ज्ञ मानलं आहे. कारण इतकंच की नोकरीतली बरीच वर्षं मी चोरखमाऱ्याच्या तलावावर पाण्याची पातळी मोजत होतो. पातळी मोजणं म्हणजे काठावरच्या रंगवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचणं. पण व्याही ओळख करून देताना "आमचे इवाई हवामानातले हायेत" असं सांगतात, आणि खरं सांगायचं तर मलाही आता तसं थोडं वाटायला लागलं आहे. एका ऐन मे महिन्यात मोबाइलवाल्याने बातमी आणली. "काकाजी, पूरी दुनिया बोल रही है, आपल्या नाण्यापायी इतकी बिजली लागते का धरती गरम होऊन राहिली." व्याह्यांच्या ते काळजाला लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने मान डोलावली. झालं! व्याही उठले आणि त्यांनी ऑफिसातला पंखा बंद केला. "आपुन नाणं ठेवलं, पाप आपल्यावर हाये. रविवारी पंखा लागनार नाही," असा ठराव झाला. गोंदियाकडचा मे ज्याने अंगावर घेतला आहे त्याला या ठरावाचं मोल कळेल. चार घामाघूम माणसं उकाड्यात बसून पृथ्वी तापते आहे की नाही यावर वाद घालत होती, आणि खिडकीतून मिलच्या धुराड्याचा धूर निवांत वर जाताना दिसत होता. मी भीत भीत त्या धुराकडे बोट दाखवलं. "तो धानाच्या तुसाचा धूर हाये जी," व्याही म्हणाले, "त्याचं पाप नाही लागत." गुरुजींनी आपली खुर्ची दारात नेली.

कोड्यांचा नाद मात्र गुरुजींचा. बारा नाणी, त्यातलं एक खोटं, वजनाने कमी किंवा जास्त. तराजूत तीनदाच तोलून ते ओळखायचं, असं जुनं कोडं त्यांनी एकदा घातलं. मी नेहमीप्रमाणे छताकडे पाहून विचार करत असल्याचा चेहरा केला. व्याही म्हणाले, "कागदावर कायले खेळता? काटा हाये न आपल्यापाशी." त्यांनी हमालांना हाक मारून सारख्या वजनाची म्हणून भरलेली तांदळाची बारा पोती काट्यापाशी आणवली. बारा पोत्यांची बारा वजनं निघाली. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "यात एक खोटं नाही, यात एकही खरं नाही." दुसरा कुणी मिलवाला असता तर हसण्यावारी नेलं असतं. व्याह्यांनी चहा सोडला, अंगातला सदरा काढून खुंटीला लावला आणि संध्याकाळपर्यंत उभं राहून गोदामातलं पोतं न् पोतं पुन्हा तोलून घेतलं. त्या कोड्याचं उत्तर आम्हाला अजून आलेलं नाही, पण त्यांच्या मिलचं पोतं तेव्हापासून वजनाला नेमकं असतं.

आता मुख्य गोष्ट. व्याह्यांकडे थोडं बिटकॉइन खरोखरच आहे, आणि ते त्यांनी नातीच्या शिक्षणासाठी ठेवलं आहे. नात म्हणजे त्यांच्या मुलाची आणि माझ्या मुलीची मुलगी, म्हणजे आम्हा दोघांचीही. हे धन ज्या तिजोरीत आहे ती डोळ्यांना दिसत नाही, आणि तिची किल्ली म्हणजे ठरावीक क्रमाने लावलेले बारा इंग्रजी शब्द. ते हरवले की तिजोरी कायमची बंद. शहाणी माणसं हे शब्द लिहून कपाटात ठेवतात. व्याही म्हणाले, "लिहिलं का चोरीले जाते. मानसात ठेवा." आणि त्यांनी एकेकाला मिलच्या मागे, तुसाच्या ढिगाआड नेऊन आम्हा तिघांच्या कानात चार चार शब्द सांगितले. एकमेकांना सांगायचे नाहीत, बायकोलाही नाही. स्वतः मात्र ते विसरून गेले. मुद्दाम विसरले, त्यासाठी महिनाभर त्यांनी गुरुजींकडून अवघड पाढे पाठ करून घेतले, म्हणजे डोक्यात जागा उरू नये. तेव्हापासून दर रविवारी निघताना हजेरी होते. प्रत्येकाने व्याह्यांच्या कानाला लागून आपले चार शब्द म्हणायचे, आणि त्यांनी "बरोबर हाये" म्हणायचं. ते विसरलेले असताना बरोबर कसं ओळखतात, हे विचारण्याची मला कधी छाती झाली नाही.

माझे चार शब्द मी फोडणार नाही. त्यात एक भाजी आहे, एक प्राणी आहे, एक क्रियापद आहे आणि चौथ्याचा अर्थ मला ठाऊक नाही. विसरू नयेत म्हणून मी ते आंघोळ करताना, शेंगा सोलताना, गाडीची वाट पाहताना पुटपुटत असतो. आमच्या सौभाग्यवतींनी शेजारणींना सांगून ठेवलं की यांनी कुणाकडून तरी गुरुमंत्र घेतला आहे. तेव्हापासून फुलचूरच्या दोन म्हाताऱ्या रस्त्यात मला नमस्कार करतात. तो मी घेतो. भाजीच्या नावाने का होईना, पण मान मिळतोय.

आणि मागच्या थंडीत गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. बातमी ऐकून पहिल्यांदा माझ्या मनात गुरुजी आले असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. पहिल्यांदा मनात आले ते चार शब्द. मोबाइलवाल्याचाही फोन आला, "गुरुजी गये तो पासवर्ड गया समझो." आमचं दोघांचं ठरलं की बोलता येतंय तोवर शब्द काढून घ्यायचे. व्याही सौंदडहून मोसंबी घेऊन आले. स्टेशनापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेत मी त्यांना सगळं नीट समजावलं, नातीचं नाव दोनदा घेतलं. ज्या माणसाने आयुष्यात एक प्रश्न बिनउत्तराचा सोडला नाही तो पिशवीतली मोसंबी मोजत बसला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गुरुजींचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, उजवा हात पांघरुणावर तसाच पडला होता. आम्हाला पाहून त्यांनी ओळखलं. आमच्या मनातलंही ओळखलं असावं, कारण त्यांनी व्याह्यांना डाव्या हाताने जवळ बोलावलं आणि मोठ्या कष्टाने पहिला शब्द उच्चारायला सुरुवात केली. मी, हवामानतज्ज्ञ आणि फुलचूरचा मंत्रसिद्ध पुरुष, खिशातून फोन काढून आवाज टिपायला पुढे धरला होता. तेवढ्यात व्याह्यांनी आपला तळवा गुरुजींच्या ओठांवर ठेवला.

"काऊन सांगून राहिले जी आता?" ते म्हणाले. "आज का रविवार हाये? रविवारी सांगा, मिलवर. मी का कान घेऊन पळून चाललो?"

गुरुजींच्या अर्ध्या चेहऱ्याला हसू आलं आणि दोन्ही डोळ्यांना पाणी आलं. मी फोन खिशात घातला. बाहेर आल्यावर मात्र, मुलीचा बाप असूनही, जन्मात पहिल्यांदा मी व्याह्यांवर चिडलो. "नातीचं होतं ते, व्याही! काही कळतं का तुम्हाला?"

व्याही पायऱ्यांवर टेकले. सवयीने मांडी घालायला गेले, पण जागा नव्हती. "इवाई," ते म्हणाले, "त्याईनं चारही सांगून टाकले असते न, त त्याईले वाटलं असतं का आपलं काम झालं. मास्तर मानूस हाये. पेपर झाला का वर्गात थांबत नाही." मग मीही त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो. त्या माणसाविषयी मला जी माया वाटली ती मुलीच्या बापाला तोंडावर बोलून दाखवता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

गुरुजी वाचले. आता त्यांचा मुलगा त्यांना रविवारी मिलवर आणून सोडतो. बोलणं पूर्वीसारखं राहिलेलं नाही, वादात ते फारसे पडत नाहीत, पण हजेरीच्या वेळी व्याही आपली खुर्ची त्यांच्या अगदी जवळ नेतात आणि मान वाकवतात. गुरुजी खूप वेळ घेतात. परवा मी शेजारीच होतो, त्यामुळे थोडं माझ्याही कानावर पडलं. त्यात इंग्रजी काही नव्हतं. मला तो सत्तावीसचा पाढा वाटला. व्याह्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, गुरुजींच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि म्हणाले, "बरोबर हाये, गुरुजी. पुढच्या रविवारी याल."