संकष्टीच्या दुपारी छातीत दाटून आले तेव्हा

आमच्या घरांत उपवासाच्या दिवशी जे काही दुखेल त्याचे नाव आधीच ठरलेले असते. डोके दुखले, पित्त. मळमळले, पित्त. हातपाय गळाले, तरी पित्तच. हे निदान कोणा वैद्याने केलेले नाही. ते आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे आपोआप जाते, आणि कोकमाचे सरबत पिऊन घटकाभर पडून राहणे हा उपायही त्याच्यासोबत जातो. मी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत निवृत्त झाले, तरी या निदानाला मी कधी हरकत घेतली नव्हती. त्यामुळे त्या संकष्टीच्या दुपारी, मुलुंड पूर्वेच्या घरात मोदकांची उकड मळत असताना छातीच्या मधोमध काहीतरी दाटून आले, तेव्हा माझ्याही मनात प्रथम तोच शब्द आला.

घरात मी एकटीच होते. यजमान गेल्यापासून एकटीच असते. मुलगी पुण्याला नोकरी करते आणि रोज सकाळी फोन करते. त्या दिवशीचा फोन होऊन गेला होता, म्हणजे पुढच्या सकाळपर्यंत माझी चौकशी करणारे कोणी नव्हते.

दुखणे म्हणावे असे ते नव्हते. कोणीतरी दोन्ही तळहात माझ्या छातीवर टेकवून त्यांवर भार देऊन उभे आहे, असे वाटत होते. मग खालचा जबडा जड झाला, दाढ काढून आल्यावर होतो तसा. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, एक कळ रुतून बसली. घाम आला. उकड गरम होती, स्वयंपाकघर लहान आहे, घाम येणे स्वाभाविक होते. पण हा घाम गार होता, आणि मी गॅस बंद करून पंख्याखाली बसले तरी तो थांबेना.

यानंतर मी जे केले ते करू नये, म्हणून सविस्तर सांगते. मी प्रयोग करू लागले. पित्त असेल तर ढेकर आल्यावर बरे वाटेल, म्हणून पाणी पिऊन ढेकर काढला. किंचित बरे वाटले, की तसे मला वाटून घ्यायचे होते, हे ठरवता येईना. स्नायू आखडला असेल तर दाबल्यावर दुखणे वाढेल, म्हणून बोटांनी छाती दाबून पाहिली. वाढले नाही. मळताना खांदा भरून आला असेल, म्हणून हात वर करून पाहिला. फरक नाही. प्रत्येक प्रयोगातून अर्धवट निष्कर्ष निघत होता आणि प्रत्येक अर्धवट निष्कर्षाला मी आणखी एक प्रयोग जोडत होते. प्रयोगशाळेत उत्तर चुकले तर परीक्षानळी धुऊन पुन्हा सुरुवात करता येते. इथे धुऊन घेण्याजोगे काही नव्हते. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नसेल, तर मी पुरावे गोळा करत असताना तो तिकडे मरत होता.

मला सोडवले ते माझ्या एका जुन्या खोडीने. वर्गात एखाद्याचे उत्तर फार सहज बरोबर आले की मी आधी त्याच्या पायऱ्या तपासत असे. सोयीच्या उत्तराचा मला संशय येतो. आणि पित्त हे उत्तर अतिशय सोयीचे होते. त्यात मुलीला कामावरून उठवावे लागत नव्हते, शेजारी कोणाला हाक मारावी लागत नव्हती, उकड वाया जात नव्हती. ज्या उत्तराने सगळ्यांचीच सोय होते, ते दुखण्याने दिलेले नसून मी त्याच्या तोंडी घातलेले असणार, असे मला वाटले. मी फोन उचलला आणि रुग्णवाहिकेचा तीन आकडी सरकारी क्रमांक लावला.

पलीकडे एक तरुण बाई होत्या. त्यांचाही मला संशयच आला. या कुठल्या गावी बसल्या आहेत, मुलुंड कुठे आहे हे यांना ठाऊक तरी आहे का?

"लँडमार्क सांगा, मॅडम."

"मुलुंड पूर्व. पूर्व, लिहून घेतलेत?"

"घेतलं. लँडमार्क?"

मी शाळेचे फाटक सांगितले, मंदिर सांगितले, इमारतीचे नाव दोनदा सांगितले. त्यांनी मला फोनवरच एका डॉक्टरांशी जोडून दिले. डॉक्टरांनी विचारले, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, पोटात अल्सर आहे का, कुठून रक्त जाते का, रक्त पातळ होण्याचे औषध चालू आहे का. चारही प्रश्नांना मी नाही म्हटले. घरात गोळी आहे का? होती. शाळेत एकदा प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले होते, तेव्हापासून मी औषधांच्या डब्यात एक पाकीट ठेवते आणि मुदत संपली की बदलते. "मग चावून खा," ते म्हणाले, "गिळू नका, चावा. दार उघडून ठेवा आणि खाली बसून राहा. चालू नका, जिना उतरू नका."

उपवास चंद्रोदयाला सोडायचा असतो. गोळी हातात घेऊन मी क्षणभर थांबले, हे लपवण्यात अर्थ नाही. मग चावली. तिची आंबट-कडू चव अजून जिभेवर आहे.

त्याच डब्यात यजमानांच्या वेळच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या राहिल्या होत्या. पुष्कळ घरांत त्या अशा राहून जातात आणि वेळेला कोणीही कोणालाही देते. मी त्यांना हात लावला नाही. त्या दुसऱ्याच्या होत्या, मुदत संपलेल्या होत्या, आणि त्यांनी रक्तदाब उतरतो. मला आधीच डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच ती घ्यावी.

मग मी आतले दार उघडले, बाहेरचे जाळीचे दार उघडले, आणि पॅसेजकडे तोंड करून भिंतीला पाठ टेकून, गुडघे मुडपून जमिनीवर बसले. पडलेच तर उंचावरून पडायचे नाही, एवढाच त्यात हिशोब. एकटे राहणाऱ्या बाईला सताड उघड्या दारासमोर बसणे किती अवघड वाटते, हे ज्याने त्याने अनुभवावे. लिफ्टचा आवाज झाला की मला वाटे, कोण येते आहे, कशाला येते आहे.

आली ती समोरची शेजारीण. तिचे सासर मालवणकडचे, सासरे गिरणीत होते. पॅसेजमधल्या तिच्या चपलांच्या स्टँडवरून आमचे बोलणे जेवढ्यास तेवढे झाले होते. माझे दार उघडे दिसले की ती आत डोकावते, हाही माझा तिच्याविषयीचा एक आक्षेप होता. त्या दिवशी ती डोकावली.

"अगो बाई! काय झाला तुमका? असे खाली कशाक बसलात?"

"छातीत दाटलंय. ॲम्ब्युलन्स बोलावली आहे."

"ॲम्ब्युलन्स? पित्त आसतला ता! सकाळपासून पोटात काय नाय, आणि वर उकड मळत बसलात. थांबा, सोलकढी आणतंय."

"काही नको. पाणीसुद्धा नको."

"बरा, मग खोका तरी."

"काय?"

"ग्रूपवर मेसेज नाय इलो? एकट्या माणसाक अटॅक इलो तर जोरजोरात खोकूचा. म्हणजे हार्ट चालू रवता. असा." आणि तिने माझ्यासमोर उकिडवे बसून इतक्या कळकळीने खोकून दाखवले, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी विचारले, "काय झालं गं?"

तो संदेश माझ्याकडेही आला होता, एकदा नव्हे, अनेकदा. माझा त्यावर तेव्हाही विश्वास नव्हता. जो माणूस शुद्धीत आहे, बोलतो आहे, त्याचे हृदय चालूच आहे. खोकल्याने अडलेली रक्तवाहिनी उघडत नाही, फोन करायची वेळ आणि अंगातली शक्ती मात्र जाते. हे सगळे मी त्या वेळी तिला समजावू शकले नाही. मी एवढेच म्हटले, "तू खोक. मी बसते."

ती हसली, आणि मग माझा हात हातात घेतल्यावर हसायची थांबली. "बाई, हात बर्फासारखो लागता तुमचो."

एवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी क्रमांक. मी तो कापला.

हे मी विचार करून केले नाही, हात आपोआप गेला. गेली काही वर्षे कोणी बँकेतून बोलतो म्हणून, कोणी पोलिसांतून बोलतो म्हणून फोन येतात. आमच्या महिला मंडळात मी स्वतः फळ्यावर लिहून समजावले होते की अनोळखी क्रमांक उचलायचा नाही, उचललाच तर आपण होऊन काही सांगायचे नाही. पुन्हा वाजला. पुन्हा तोच क्रमांक. पुन्हा कापला, आणि या खेपेस मनाशी म्हटलेसुद्धा, यांना आजच वेळ मिळावा!

"कोणाचो होतो?"

"कोण जाणे. फसवणारे असतील."

"अहो बाई, गाडीवालो आसतलो तो!"

तिने फोन माझ्या हातातून जवळजवळ ओढला आणि त्या क्रमांकावर लावला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आले. तो मुलुंड पश्चिमेला, आमच्याच नावाच्या दुसऱ्या इमारतीच्या फाटकात उभा होता. तिथला वॉचमन सांगत होता, इथे कोणी आजारी नाही. दोनदा फोन लावला, दोनदा कापला, म्हणून कोणीतरी चेष्टा केली असे समजून तो गाडी फिरवण्याच्या बेतात होता.

"अरे दादा, ईस्ट! ईस्टला या!" शेजारीण ओरडली. "चेष्टा काय चेष्टा? इकडे बाई घामाने निथळतायत! रेल्वेचं फाटक-बिटक काही नाही आता, पुलावरून या, मी पोराला नाक्यावर उभा करते... काय? हो, उचलणार, आता मी उचलणार फोन, त्या नाही!"

मुलुंडमध्ये पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये रेल्वे आहे, आणि संध्याकाळ होत आली की पुलावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. तो सगळा वेळ मी भिंतीला टेकून काढला. मी पत्ता दोनदा सांगितला होता, पूर्व हा शब्द लिहून घेतला का असेही विचारले होते. चूक कुठे झाली ते मला आजही ठाऊक नाही. पण ती दुरुस्त करायला जो फोन आला, तो मी कापला, एवढे निश्चित ठाऊक आहे. तेव्हा रुग्णवाहिका बोलावलेल्या कोणालाही माझे सांगणे आहे की त्यानंतर येणारा प्रत्येक फोन उचलावा. संशय घ्यायचाच तर तो आपल्याला बऱ्या वाटणाऱ्या गोष्टीचा घ्यावा.

रुग्णवाहिकेतून मला रुग्णालयात नेले. शेजारीण घरच्याच साडीत, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून सोबत आली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "आजी, यात तसं ठळक काही दिसत नाहीये."

शेजारणीने सुस्कारा सोडला. "बघा, मी म्हटला नव्हता? पित्त."

मला मात्र पुन्हा तेच सोयीचे उत्तर समोर आल्यासारखे वाटले. मी विचारले, "दुसरा कधी काढणार?"

"काय?"

"आलेख. पहिल्यात दिसलं नाही, म्हणजे नाहीच असं होत नाही ना? माझं दुखणं अजून तसंच आहे. जबड्यातही आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा नीट पाहिले. "तुम्ही शिक्षिका होता का?"

"होते. दुसरा कधी?"

"काढणारच आहोत. थोड्या वेळाने. आणि रक्ताचीही तपासणी पाठवलीय." ते थोडे रागावले असावेत, पण माझ्या खाटेजवळून हलले नाहीत. दुसरा आलेख काढला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरला नाही. एकदा पाहिला आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. मग सगळे भराभर झाले. मुलीला शेजारणीने फोन केला. तिने मालवणीत सुरुवात केली, मध्येच शुद्ध मराठीत गेली आणि शेवटी नुसतीच रडली, त्यामुळे मुलीला काय कळले असेल कोण जाणे.

अडलेली रक्तवाहिनी उघडायला मनगटातून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेली होती. मला पूर्ण भूल दिलेली नव्हती. वरच्या पडद्यावर काळसर रेषा हलत होत्या आणि डॉक्टर आपसांत हळू बोलत होते. मी माझ्या छातीवरच्या भाराकडे लक्ष ठेवून होते, अवखळ वर्गावर ठेवावे तसे. आणि एका क्षणी तो नव्हता. कमी झाला नाही, नाहीसाच झाला. जबडा हलका झाला, श्वास तळापर्यंत गेला.

मला त्याचाही भरवसा वाटला नाही. मी विचारले, "थांबलं आहे, की तुम्ही औषधानं झाकलं आहे?"

मोठे डॉक्टर मास्कमागून हसले. त्यांनी पडदा माझ्या बाजूला वळवला आणि दोन चित्रे शेजारी शेजारी लावून दाखवली. पहिल्यात एक काळी वाट मध्येच तुटली होती. दुसऱ्यात तीच वाट पुढे जाऊन फांद्यांसारखी पसरली होती. मी दोन्ही चित्रे पुष्कळ वेळ ताडून पाहिली, वळणे मोजली, फाटे जुळवले. ते जुळत होते.

"पटलं?" त्यांनी विचारले.

"पटलं," मी म्हणाले. "पण दुसरं चित्रही माझंच आहे ना?"