घरी न विचारलेला प्रश्न

रोजगाराचे महिन्याचे आकडे जाहीर झाले की संध्याकाळी मिलिंदचा फोन येणार, हे ठरलेलं. मी हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे ते आकडे मला वर्गापुरते लागायचे. मिलिंदला मात्र घरात बारसं असल्यासारखा आनंद. "मास्तर, देशात काम वाढलं म्हणे! त्यात आपलं कुरुंदा गावबी हाय बरं का," असं तो दर वेळी सांगायचा आणि मी दर वेळी म्हणायचो, "हो बाबा, कुरुंद्यावरच देश चाललाय." त्या दिवशीही आकडे आले होते आणि मी जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात भाजी घेत होतो. फोन वाजला, त्याचंच नाव दिसलं. उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "बोल, काय म्हणतंय कुरुंदा?" पलीकडे त्याची मुलगी प्रज्ञा होती. "काका... बाबा गेले. दुपारी झोपले ते उठलेच न्हाईत." भाजीची पिशवी तिथेच विसरून मी निघालो.

मिलिंद माझा कॉलेजातला मित्र. मी मास्तर झालो आणि तो रोजगाराच्या सर्वेक्षणाच्या कामाला लागला. नेमून दिलेल्या घरी जायचं, गेल्या आठवड्यात कोणी काय काम केलं ते विचारायचं, केलं नसेल तर शोधलं का ते विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच घर. अशा हजारो घरांच्या उत्तरांवरून देशात रोजगार वाढला की घटला हे ठरतं. माणूस मुळात चौकस, त्यात चौकशा करायचा पगार मिळतोय म्हटल्यावर काय विचारता! कुरुंद्यात हळद शिजवायच्या दिवसांत एका बाईने त्याला सांगितलं, "म्या कायबी करत न्हाई, घरीच असते." बाईचे हात कोपरापर्यंत पिवळे. हा म्हणाला, "मावशी, मंग हे हात कोनाचे?" ती खुदकन हसली आणि शेजारणींनाही बोलावून घेऊन आली. तासाभराचं काम, पण स्वारी दुपारचं जेवण उरकूनच उठली.

त्याच्या गोष्टींतली माझी आवडती गोष्ट सेनगावच्या जीपमधली. आठवड्यात एक तास जरी कमाईचं काम केलं, तरी सर्वेक्षणात त्या माणसाला काम असल्याचं धरतात. हे त्याने जीपमध्ये कुणाला तरी समजावून सांगितलं. तो गृहस्थ उखडलाच. "एक तास? मंग आमच्या गावात बेकार कोनीच न्हाई की! काहून बोंबलून राहिलो मंग आमी?" सगळी जीप हसली, सगळ्यात मोठ्याने मिलिंद. ही गोष्ट त्याने नंतर प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितली आणि दर वेळी त्या गृहस्थाच्या मिशा थोड्या वाढवल्या.

पण एका तांड्यावरची गोष्ट सांगताना तो हसत नसे. तिथल्या आजीने मनाशी पक्कं धरलं होतं, की दर महिन्याला नोकरीचं विचारायला येणारा माणूस एक दिवस नोकरी घेऊनच येणार. घरात नर्सिंग शिकून बसलेली नात. मिलिंद गेला की आजी तिला हाक मारून पुढे बसवायची. शेवटच्या खेपेला म्हणाली, "साहेब, आता तरी आर्डर आनली का?" याने सांगितलं, "आजी, मी देनारा न्हाई. नुसता इचारनारा हाय." म्हातारीने ऐकून घेतलं, चहाही दिला. नातीचा चेहरा मात्र जो पडला... तो याच्या डोळ्यांपुढून हलेना. तिच्याएवढीच प्रज्ञा त्याच्या घरात होती. एम.एस्सी. झालेली, अर्जांवर अर्ज करणारी.

एकदा त्याच्याकडे जेवताना मी तिला सहज विचारलं, "काय प्रज्ञा, कुठे जमलं का?" मिलिंदने ताटातून हात काढून घेतला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर तेवढा एकदाच चिडला. फाटकापर्यंत पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "मास्तर, माझ्या घरी तेवढं इचारू नको. रोज लोकाच्या लेकरांचे चेहरे पडलेले बघून येतो मी. हिचा पडला तर मला न्हाई बघवनार." आणि तो खरंच कधी विचारत नसे. "जेवलीस का", "अभ्यास झाला का", "डोळे दुखतात का"... सगळं विचारी, तेवढं सोडून.

मिलिंद गेल्यानंतर परवा त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी आत होत्या. समोरच्या खोलीत, जिथे तो संध्याकाळी चहा घेत बसायचा, तिथे प्रज्ञा बसली होती. तिने मला चहा आणून दिला. मग एकदम म्हणाली, "काका, एक सांगा. जिल्हाभर इचारत हिंडायचे बाबा. मला एकदाबी इचारलं न्हाई. माझी आशाच सोडली व्हती का त्यांनी?"

ही पोर हे मनात घेऊन बापासोबत एका घरात राहत होती! फाटकापाशी तो जे बोलला होता ते सगळं मी तिला सांगितलं, त्याच्याच शब्दांत. ती ऐकत राहिली. डोळे पुसले, ओढणी नीट केली, आणि वर्गात पुढच्या बाकावर बसतात तशी ताठ बसली.

"मंग आता तुमी इचारा," ती म्हणाली. "त्यांच्या वतीनं."

मी मास्तर, आयुष्यभर पोरांना प्रश्नच विचारत आलोय, पण हा प्रश्न तोंडातून निघेना. शेवटी विचारलं, "प्रज्ञा, काम मिळालं का बाई?"

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "अजून न्हाई. पन शोधून राहिले."

मिलिंदा, चेहरा पडला नाही रे तिचा. तू विचारायला हवं होतंस.