वारा पडला तेव्हा
गॅरेजचं दार उघडलं की नवऱ्याच्या वेटसूटच्या रबराचा वास अजून येतो आणि तळ्यावरची ती सप्टेंबरातली दुपार आठवते. मोठ्या पतंगाच्या ओढीने, बोर्डावर उभं राहून पाण्यावरून सरकायचा त्याला नाद होता; पण त्या दिवशी झाडाचं पान जेमतेम हलेल एवढाच वारा होता. "एवढ्याशा वाऱ्यावर कसला जातोस?" मी विचारलं. "पतंग मोठा घेतलाय, आणि बोर्डाखाली त्याला पाण्यावर उचलून धरणारा पंख आहे. तू वाच तुझं पुस्तक," तो हसून म्हणाला. खरंच थोड्या वेळाने तो पाण्याच्या हातभर वरून, जराही आवाज न करता, सरकत लांब गेला. चार पानं वाचून मी मान वर केली तर वारा पार पडला होता, पतंग पाण्यावर आडवा पसरला होता आणि शेजारी तो उताणा, न हलता तरंगत होता. मी हाका मारल्या, मग नाइन वन वनला, इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला. बचावाच्या बोटीतून तो किनाऱ्याला लागला तेव्हा किनाऱ्यावर जमलेले त्याचे पतंगवाले मित्र त्याला चिडवत टाळ्या वाजवत होते. "अगं, वाऱ्याची वाट बघत होतो मी!" तो माझ्यावर चिडला. "नाहीतर दोऱ्या गुंडाळून पोहत आलो असतो. यापुढे मला विचारल्याशिवाय असा फोन करायचा नाही." तो गेला त्या दिवशी, या मार्चमध्ये, जेवताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. मी फोन हातात घेतला आणि त्याला विचारलं, "करू?" "थांब जरा, ॲसिडिटी असेल," तो म्हणाला, आणि मी थांबले.