खाजामामांचं आसन

हसायला मनाई नाही. फक्त चहाचा घोट गिळून मग हसा. कारण अब्रू जाते म्हणजे काय, ते मी स्वतः फोटो काढून पाठवलं आहे!

मी सॉफ्टवेअरवाला. कंपनी पुण्याची, घर जळकोटचं. दिवसाचे दहा तास लॅपटॉपसमोर. गल्लीचं मत एकच, "पोरगं घरीच बसून राहिलंय." नोकरी आहे म्हटलं तरी कुणाला पटायचं नाही. घरात बनियनवर बसलेल्या माणसाला पगार कोण देतं?

मग एक दिवस कंबर धरली. डॉक्टरकडे जायचं सोडून मी व्हिडिओ बघत बसलो. त्यात एक दाढीवाला म्हणाला, बसणं म्हणजे विष. बस्स! मी जो उठलो, तो दोन महिने उभाच.

उभं राहून काम करायचं तर उंच टेबल पाहिजे. आमच्याकडे ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, कमरेच्या जरा वर येते. तिच्या झाकणावर लॅपटॉप मांडला. शेजारी माझी आरोग्याची पाकिटं. त्यात एक होतं ज्वारीच्या पोह्यांचं, बंगळूरहून मागवलेलं. खाली तीन पोती घरची ज्वारी आणि तिच्या डोक्यावर बंगळूरची पावशेर! शिकलेल्या माणसाला सुचतं ते असं.

आता अडचण अशी, की कोठी उघडते वरून आणि वर माझी मीटिंग. आई ज्वारी काढायला आली की मी खुणेनं म्हणायचो, दहा मिनिटं थांब. माझी दहा मिनिटं कधीच संपायची नाहीत. शेवटी बिचारी सूप घेऊन शेजारी शांताकाकूंकडे ज्वारी मागायला गेली.

"का वं, तुमची कोठी तर भरून हाय की!"

"हाय, पण पोरगं उभं असतंय ना तिच्यापाशी. दोन महिने झाले, बसंचना."

"बसंचना?"

"बसलं की तरास होतो म्हणतंय."

झालं! पुढचं निदान काकूंनी स्वतःच केलं. दुसऱ्या दिवशी सुरणाची भाजी आली. तिसऱ्या दिवशी ताकाचा तांब्या. मला वाटलं, गल्ली सुधारली, आणि तीही माझ्यामुळे! मी काकूंना सुरणाचे फायदे समजावून सांगायला लागलो. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "खा बाबा. लाजू नको."

समोर खाजामामांचं टेलरिंगचं दुकान. चाळीस वर्षं मशीनवर बसलेला माणूस. मी खिडकीतून रोज त्यांच्याकडे कीव करून बघायचो. तेही माझ्याकडे तसंच बघायचे, ते का, हे मला नंतर कळलं. एक दिवस ते स्वतःच्या हातानं शिवलेलं आसन घेऊन आले. हिरवी मखमल, गोल, गुबगुबीत आणि मधोमध भलं मोठं भोक.

"बेटा, ह्याच्यावर बसत जा. लई आराम पडतो. मी कुणाला बोलणार न्हाई."

"वा मामा! ध्यानापुरतं बसायला एकदम मस्त!"

मामा जरा गोंधळले. "हाव," ते म्हणाले, "ध्यान तर द्यावंच लागतंय."

त्याच दिवसांत माझं अश्विनीशी जमवायचं चाललं होतं. ती उदगीरला नर्स. फोनवर दोनदा बोललो होतो आणि खरं सांगतो, मनात भरली होती. हे जुळलं नसतं तर आईनं मला कोठीत घालून झाकण लावलं असतं. तिच्यावर छाप पाडायला मी काय पाठवलं असेल? आसनाचा फोटो! खाली लिहिलं, "रोज सकाळ-संध्याकाळ यावर बसतो. फार फरक पडला."

तिनं विचारलं, "किती दिवसांपासून?"

मी लिहिलं, "आठ दिवस झाले. तुम्हीही करून बघा."

त्यावर उत्तर आलं नाही. मला वाटलं, लाजली.

रविवारी ती आणि तिचे वडील हणमंतराव आमच्याकडे आले. आणि नेमकं त्याच सकाळी मोबाईलनं सांगितलं म्हणून मी शंभर बैठका मारल्या होत्या. मांड्यांचे धोंडे झालेले. सतरंजीवर माझ्या जागी ते आसन कुणी मांडलं? मीच! म्हटलं, दिसू दे शिस्त.

"बसा की," हणमंतराव म्हणाले.

मी वाकलो. निम्म्यावर अडकलो. ना खाली, ना वर. "आई गंऽऽ!"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, उभेच ऱ्हावा," हणमंतराव घाईघाईनं म्हणाले. "आमच्या भावाला बी होती."

"काय होती?"

आई छताकडे बघायला लागली. हणमंतराव आवाज खाली आणून म्हणाले, "मूळव्याध."

सुरण, ताक, मखमल, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आणि तो फोटो! वर "तुम्हीही करून बघा"! वाटलं, आता ही गेली हातातून.

अश्विनी तोंडावर ओढणी धरून बसली होती. तिनंच विचारलं, "सकाळी बैठका मारल्या का?"

"शंभर."

"याच्याआधी कधी मारल्या होत्या?"

"शाळेत. शिक्षा म्हणून."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, ह्यांना तो आजार न्हाई. मोबाईल सांगायलाय अन् हे करायलेत."

हणमंतरावांचा चेहरा आणखीच पडला. "मग अवघड हाय. त्या आजाराला औषध तरी असतंय."

तिसऱ्या दिवशी होकार आला. अट एकच, आधी आईची कोठी मोकळी करा. मी त्याच मिनिटाला केली.

आता मी खाली बसून काम करतो, मधूनमधून उठून अंगणात फेरी मारतो. कंबर ठणठणीत. बसतो कशावर म्हणता? खाजामामांच्या आसनावरच. फार मऊ आहे हो! येणारा-जाणारा विचारतो, "अजून बरं न्हाई का?" मी सांगतो, अहो, ध्यानाचं आहे. कुणाला पटत नाही. बायको नर्स, तिनं एकदा सांगितलं तर सगळ्या गल्लीला पटेल.

पण ती आतूनच म्हणते, "पथ्य चालू हाय."