नेच्यावरचा आणि कारवीवरचा

सन १९३८. भाद्रपद, पितृपंधरवड्याचा दुसरा दिवस. या दिवसांत नवं काम धरू नये असं घरच्यांनी सांगितलं होतं. मी धरलं. काम होतं किडे पकडायचं.

वर्षभरात माणसं भेटली दोनच, साहेब आणि त्यांचा कारकून. पण किस्से एवढे साठले की पारावर चार माणसं बसली की एखादा सांगावा लागतो. लोक हसतात. मला अजून राग येतो.

साहेब पुण्याचे, पुष्कळ शिकलेले. पानातला रस पिणारे बारीक ढेकूण हा त्यांचा विषय. त्यातलीही एकच प्रजाती. प्रजाती म्हणजे काय ते त्यांनी मला असं सांगितलं: किड्याला आधी आडनाव, मग नाव. आडनाव एक ते भाऊबंद. त्या एका आडनावाचे भोर-वेल्ह्याच्या डोंगरातले सगळे भाऊबंद त्यांना हवे होते.

मी दुसरी इयत्ता. पण कोणता किडा कोणत्या झाडावर बसतो, हे त्यांना मला विचारावं लागे. त्या कामात माझी पुंजी एकच होती, माझा शब्द.

*

कारकून भोरचा. माझं नाव धोंडीबा, तो ‘धोंड्या’ म्हणायचा. माझं वय तेव्हा पस्तीस, घरात तीन लेकरं.

एकदा तो टाचणीवरच्या किड्याचं लॅटिन नाव लिहीत बसला होता. अर्धी वीत लांब नाव, आणि किडा तांदळाच्या कणीएवढा. मी म्हणालो, “त्याला आडनावासकट पुरं लिवता. मला ‘बा’ लावायला शाई लागती व्हय?”

त्या दिवसापासून तो मला हाकच मारेनासा झाला. टेबलावर टिचकी वाजवायचा.

*

शिवऱ्याला एका शेतकऱ्याने आम्हांला बांधावर अडवलं. त्याचा भात ढेकण्या नावाच्या किडीने खाल्ला होता, लोंब्या पांढऱ्या पडल्या होत्या. साहेबांना म्हणाला, किडेच धरायचे तर हे धरा, पोतंभर देतो.

साहेबांनी लेन्स लावून एक पाहिला आणि सोडून दिला. याचं नाव ठेवून झालं आहे, म्हणाले.

शेतकरी म्हणाला, “मंग म्या आता त्येला नावानं हाक मारू? ऐकंल का त्यो?”

साहेब पुढे चालू लागले. मला मान वर करवेना.

*

किडा धरायची रीत अशी. झुडपाखाली पांढरं धडपं, म्हणजे जुन्या कापडाचा तुकडा, धरायचं, वरून काठीने झोडायचं. खाली पडलेला किडा काचेच्या नळीने तोंडाने ओढून बाटलीत घ्यायचा. नळीत मलमलीचा तुकडा असतो, किडा तोंडात येऊ नये म्हणून.

कारकुनाने एकदा नळी धुतली आणि मलमल परत बसवली नाही. मग साहेबांपुढे हुशारी दाखवायला स्वतःच ओढायला गेला. किडा गेला पोटात. खोकून खोकून तो लाल झाला. मी पाठीत बुक्क्या घालत होतो.

साहेब धावत आले. म्हणाले, “नर होता की मादी?”

*

आता खरी गोष्ट.

त्यांच्या प्रजातीतला एक किडा नेच्यावर बसतो. तसाच एक कारवीवर. दोघांचे पंख काचेसारखे, दिसायला जुळे. साहेब म्हणत, एकच जात. मी म्हणत होतो, दोन. कारवीवरचा मी नेच्याच्या पानावर बाटलीत ठेवून पाहिला होता. तो उपाशी मेला, पण पानाला तोंड लावलं नाही. मी दोघांना वेगवेगळ्या बाटल्यांत भरून आणत असे.

पण कारकून लेबलं आधीच लिहून ठेवायचा. अक्षर सुंदर. पावसाळ्याआधी बसून शंभर लेबलं एकदम: ‘भोर, नेचा’. मग किडा वेल्ह्याच्या कड्यावरचा असो की कारवीचा, त्याखाली तेच लेबल.

साहेबांनी पेटी उघडली. सगळीकडे ‘भोर, नेचा’. आमच्या गावच्या चावडीवर पाटील आणि पाच माणसं बसली होती. त्यांच्यासमोर साहेब मला म्हणाले, “एकाच झाडावरचे किडे दोन बाटल्यांत भरून मला दोन जाती सांगतोस? खोटं बोलतोस, धोंडीबा.”

मी लेबलांचं सांगितलं. कारकून पेटी आवरू लागला. साहेबांनी शाईवर विश्वास ठेवला.

मी नळी आणि धडपं तिथेच ठेवलं आणि घरी आलो. वर्षभर गावात कुणी काही बोललं नाही. पण मी काही सांगायला लागलो की एखादा दुसरीकडे बघून हसायचा.

पुढच्या पावसाळ्यात साहेब एकटे माझ्या दारात आले. गुडघ्यापर्यंत चिखल. महिनाभर ते स्वतः कारवीत बसले होते. स्वतः बाटलीत उपाशी मारून पाहिला होता. मग नर फोडून लेन्सखाली तपासला, कारण या किड्यांची खरी ओळख नराच्या आतल्या अवयवांवरून पटते. जातच काय, प्रजातीच निराळी निघाली होती. आडनावच वेगळं.

म्हणाले, नव्या किड्याला तुझं नाव देतो, ते जगभर छापून येईल.

मी म्हणालो, “नाव ऱ्हाऊ द्या. चावडीवर माजा शब्द घेतलाय, तो चावडीवर परत द्या.”

“लोक हसतील, धोंडीबा.”

“मला हसलीच की.”

साहेबांनी जोत्याच्या दगडावर पायांचा चिखल खरवडला. मग म्हणाले, बोलाव सगळ्यांना चावडीवर.

पाटील आले. पाचही माणसं आली, एक जण औत सोडून आला. साहेब बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, “गेल्या वर्षी इथे मी धोंडीबाला खोटा म्हणालो. तो खरं बोलत होता. चूक माझी होती.”

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं.

“फिटलं,” मी म्हणालो.