एसी कंपनीचाच होता

आमची ती जुनी अमेरिकन गाडी म्हणजे माझी सवत होती. लांबच्या लांब, दारं दोनच, आणि पुढे हे एवढं धूड इंजिन. कुवेतला हे ज्या शेठकडे ड्रायव्हर होते त्याने ती यांना देऊन टाकली, आणि आमचे साहेब सोनंनाणं सोडून तीच बोटीवर चढवून गावी भाट्याला घेऊन आले. वर मोहल्लाभर मिरवायचे, "एसी कंपनीचा आहे, मागाहून ठोकलेला नाही!" डोंबलाचा एसी. इथे एकदाही चालला नाही.

दोन हजार सालाच्या सुमाराला यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, वाट बघत बसू नका. दागिने कधीच मोडले होते. विकायला उरली होती ती सवतच, आणि तिला भंगारवाल्याशिवाय कुणी विचारत नव्हतं. तेवढ्यात कुणाकडून तरी ऐकून पुण्याचे एक गृहस्थ आले, जुन्या गाड्यांचे शौकीन.

"इंजिन बंद असलं तरी चालेल," ते म्हणाले. "एसी कंपनीतून बसून आला असेल तर नेतो. नसेल तर अशा गाड्या माझ्याकडे आहेत."

मी डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळ्या दाखवल्या. त्यांनी नकाराची मान हलवली. डॅशबोर्ड दुसऱ्या गाडीचाही बसवतात म्हणे. खरं कळतं ते इंजिन आणि सीट यांच्या मधल्या पत्र्यावर. तिथलं एसीच्या नळ्यांचं भोक कंपनीचं असेल तर कड गुळगुळीत, आत वळवलेली. गॅरेजवाल्याने कापलेलं असेल तर दातेरी.

बॉनेट उघडलं, पण कड दिसतेय कुठे! हे पडले होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या घरातले. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून दरवर्षी पावसाआधी होडीला चोपडतात ते काजूच्या टरफलांचं काळं तेल गाडीलाही चोपडायचे. होडी टिकते तर गाडी का नाही टिकणार, असं त्यांचं म्हणणं. त्याचे थरावर थर बसले होते.

मी खडकावरची कालवं काढायची सुरी आणली आणि खरवडायला लागले. या अल्ला, गुळगुळीत निघू दे, एवढंच तोंडात. पुढच्या पडवीतून हे हाका मारत होते, "दिसली का गं?" धड श्वास घेता येत नव्हता, तरी हाका.

बोटाला कड लागली. गुळगुळीत, आत वळलेली.

"कंपनीचाच!" गृहस्थ लहान मुलासारखे हसले. मला रडूच फुटलं. त्यांना अजून नीट दिसावं म्हणून मी सुरी जरा रेटली, आणि ती पत्र्यातून आरपार गेली. पापड मोडावा तसा तुकडा कडेसकट माझ्या हातात आला. लाकूड ते तेल पिऊन घेतं. लोखंडावर मात्र तेलाखाली खारट ओल अडकून राहिली आणि इतकी वर्षं आतल्या आत खात बसली.

गृहस्थांनी चाकांजवळ, दारांखाली दाबून पाहिलं. सगळीकडे तेच. "एसी कंपनीचाच होता, ताई," ते हात पुसत म्हणाले. "पण गाडीच उरली नाही." त्यांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले मी. ते जीप वळवून निघून गेले.

यांना वाटलं, ट्रक आणायला गेले. "काय म्हणाले?"

"कंपनीचाच आहे म्हणाले."

आजारपणात पहिल्यांदाच हे मोकळे हसले. "मी सांगत नव्हतो? चल, बॅग भर. उद्याच मुंबईला निघू."

मी आत गेले आणि बॅग भरायला घेतली.